आंघोळीच्या वेळची गळती

डॉक्टरांनी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातला, आणि एवढ्या वर्षांत त्यांना चावलेले रोगी फक्त दोन. मोटारसायकलीच्या वाटेला मात्र ते निवृत्त झाल्यावर गेले आणि तिने पहिल्याच दिवशी लाथ घातली. किकचा उलटा फटका बसला, घोटा टम्म सुजला, आणि दातांच्या डॉक्टरांना लंगडत हाडांच्या डॉक्टरकडे जावं लागलं. तेव्हापासून त्यांनी किकचं नाव टाकलं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आधी गळती थांबू दे, मग किक." गळती थांबत नव्हती, त्यामुळे अब्रू शाबूत होती.

गाडी सासऱ्यांची. सासरे कारखान्यात फिटर होते, आणि ही बासष्ट वर्षांची काळी, अवजड गाडी त्यांनी शेवटच्या महिन्यापर्यंत चालवली. ते गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला तयार झाल्या त्या एकाच अटीवर: गाडी बरोबर येणार. कपाट सोडलं, पलंग सोडला, भांडी शेजारणीला देऊन टाकली. गाडी टेंपोत चढली आणि सासूबाई ड्रायव्हरशेजारी बसून सगळा रस्ता मागे वळून बघत आल्या. इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून डॉक्टरांची गाडी लावायची जागा होती. तिथे गाडी उभी राहिली आणि त्याच दुपारपासून कार्ब्युरेटरखाली थेंब थेंब पडायला लागले. तिकडे अंगण होतं, तिथे काय गळतं ते कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं. इकडे फरशी होती, आणि फरशीला सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी हा माणूस नियमांवर जगत असे. त्यातून त्यांची खालची कवळी डॉक्टरांनीच बसवलेली, आणि ती बोलताना टकटक वाजे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक नियमाला ताल असायचा आणि मागे जुना राग असायचा. त्यांनी फरशीवरच्या डागाभोवती खडूने गोल काढला, नाकाने हवा ओढली आणि डॉक्टरांना खाली बोलावलं.

"पेट्रोल आहे हे, डॉक्टर. टक. उद्या कुणी काडी ओढली म्हणजे? तीन आठवडे देतो. तिसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता मी स्वतः येऊन बघणार. फरशी ओली दिसली, की गाडी बाहेर."

"थांबेल हो. छोटंसं काम आहे."

"तुम्ही बसवलेलं काही नीट बसत नाही, हा माझा अनुभव आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि टकटक करत निघून गेले.

बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्नच होता. रस्त्यावर लावायची सोय नव्हती. एका हॉटेलवाल्याने मात्र ती मागितली होती. त्याला ती भिंतीवर टांगायची होती, खाली टेबलं, वर मोटारसायकल. डॉक्टरांच्या बायकोला हा तोडगा अगदीच वाईट वाटत नव्हता. तिने जेवताना तो आईसमोर हळूच मांडला.

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "टांगा की. शेजारी एक खिळा माझ्यासाठीही ठोका."

मग डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "गाडी कुठे जात नाही, आई. मी करतो ती नीट." सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण जावयाकडे त्यांनी असं आशेने कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांना एकदम आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. त्यांना ते फार आवडलं आणि तितकीच भीतीही वाटली. मग सासूबाई घास उचलत म्हणाल्या, "ह्यांना पाच मिनिटं लागली असती."

हे वाक्य पुढचे तीन आठवडे डॉक्टरांच्या मानगुटीवर बसलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जुनी हत्यारं घेऊन खाली उतरले. कपाळावर दिवा, हातात तोंडात घालायचा छोटा आरसा, दुसऱ्या हातात कीड टोकरायची आकडी. मोटारसायकलीसमोर स्टूल टाकून ते बसले आणि सवयीने म्हणाले, "हं, मोठा आ करा." केसपेपरसुद्धा केला. रुग्ण: मोटारसायकल. वय: बासष्ट. तक्रार: लाळ गळणे.

पहिला संशय टाकीखालच्या नळावर. त्यातलं बूच सुकून आक्रसलं होतं, नळ बंद केला तरी पेट्रोल खाली उतरायचं. तसलं बूच कुठे मिळेना. बायको म्हणाली, "मग टाकीतलं पेट्रोलच काढून टाका ना. गळायला उरलंच नाही तर गळेल काय?"

"अगं, सगळे दात काढले तर कीडही लागत नाही. त्याला इलाज म्हणतात का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "ह्यांनी टाकी कधी रिकामी ठेवली नाही." म्हणजे तेही दार बंद झालं. आता सगळा भार कार्ब्युरेटरवर आला. आत आलेलं पेट्रोल त्याने धरून ठेवायला हवं होतं.

शेवटी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री जुन्या गाड्यांतले जाणकार, आणि डॉक्टरांचे जुने रोगी. वीस वर्षांपूर्वी त्यांची अक्कलदाढ काढायला डॉक्टरांना दोन तास लागले होते, आणि मिस्त्री ते विसरले नव्हते. ते स्टुलावर ऐसपैस बसले, डॉक्टरांना उभं ठेवलं आणि विचारपूस सुरू केली.

"कधीपासून गळतंय?"

"महिना झाला असेल."

"महिना! दुखायला लागल्यावर नाही, सुजल्यावर येता तुम्ही लोक. आधी काही लावलंत का घरच्या घरी?"

"थोडा साबण लावून बघितला भेगेवर," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

"वाटलंच," मिस्त्री समाधानाने म्हणाले. मग त्यांनी कार्ब्युरेटरची वाटी उघडून दाखवली. आत पितळेचा एक पोकळ गोळा होता, फ्लोट. पेट्रोल भरलं की हा तरंगत वर येतो, वरची सुई भोकात दाबतो आणि पेट्रोल यायचं थांबतं. गोळा वर आला नाही किंवा सुई नीट बसली नाही, की वाटी भरून वाहते. "आणि हे वरचं बटण दिसतंय? हे दाबलं की गोळा मुद्दाम खाली जातो आणि पेट्रोल उतू येतं. थंड गाडी सुरू करताना लागतं. तुम्ही त्याला हात लावू नका."

"माझी काय हिंमत आहे," डॉक्टर म्हणाले. मग भीत भीत त्यांनी विचारलं, "फार मोठं काम आहे का?"

मिस्त्री या प्रश्नाची वीस वर्षं वाट बघत होते. "छे! दुखणारसुद्धा नाही," ते म्हणाले आणि सगळं डॉक्टरांवर सोपवून निघून गेले.

डॉक्टरांनी आधी सुई बघितली. तिच्या टोकाला बारीक खाच पडली होती. दात घासूनपुसून चमकवायची पूड घरात अजून अर्धा डबा होती. तिने त्यांनी सुई भोकात गोल गोल फिरवून अशी घासली, की आरशात बघताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. गळती निम्मी झाली, थांबली नाही. मग त्यांनी गोळा काढून कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळत होतं. बाल्कनीत गरम पाण्याची बादली ठेवून त्यांनी गोळा बुडवला, आणि सांध्याजवळून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. डॉक्टर ओरडलेच, "सापडली! सापडली कीड!" सासूबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "कीड? पितळेला?"

आता आपल्या भाषेची गंमत बघा. सेक्रेटरींना फरशीवर डाग नको होता, आणि तो जायचा तर गोळ्याला कथील वितळवून डागच द्यावा लागणार होता. आतलं पेट्रोल पार उडून जाईपर्यंत डॉक्टरांनी दोन दिवस गोळा गरम पाण्यात घालून ठेवला, कारण भरल्या गोळ्याला तापवलं तर आपणच उडू, हे मिस्त्रींनी फोनवर बजावलं होतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने डाग दिला. पण हात पडला दातांच्या डॉक्टरचा. भोक दिसलं की ठासून भरायचं, वर थोडं चढवायचं, हीच चाळीस वर्षांची सवय. गोळा तेवढ्यानेच जड झाला, वेळेवर वर येईना, आणि वाटी पुन्हा ओसंडली. फोनवर मिस्त्री हसून हसून खोकायला लागले. "अहो, त्याला चावायचं नाही, पोहायचंय!" डॉक्टरांनी मुकाट्याने कानस घेतली आणि जास्तीचा डाग घासून काढला, अगदी रोगी "आता वर टेकत नाही" म्हणेपर्यंत घासतात तसा.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गळती थांबली. डॉक्टरांनी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं आणि दर दोन तासांनी जाऊन बघितलं. दुपारी कोरडं. संध्याकाळी कोरडं. झोपण्यापूर्वी कोरडं. सकाळी साडेसहाला कोरडं. ते गाणं गुणगुणत पावणेसातला आंघोळीला गेले. सात वाजता कपडे करून सहज खाली डोकावले, तर कागदावर बशीएवढा ओला गोल होता.

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चोवीस तासांतले पावणेचोवीस तास गाडी शहाण्यासारखी राहायची आणि डॉक्टर अंगाला साबण लावायला लागले की सोडायची. केसपेपरवर त्यांनी लिहिलं: गळतीची वेळ, रुग्णाच्या नव्हे, डॉक्टरांच्या आंघोळीची. लिहून वाचलं आणि खोडलं. पण कुठेतरी पेट्रोल मुरत होतं एवढं नक्की. त्यात भर म्हणजे आठवडाभर त्यांच्या सकाळच्या चहालाही पेट्रोलचा वास यायला लागला होता. बायको म्हणे, "तुमचेच हात घाण. नीट धुवा." डॉक्टर हात इतके धुवायचे की बोटांची सालं निघाली, तरी चहाचा वास जाईना. चहा सासूबाई आणून द्यायच्या आणि शेजारी उभ्या राहून विचारायच्या, "आज थांबलं का?" डॉक्टर नकारार्थी मान हलवायचे. "ह्यांना पाच मिनिटं लागली असती," असं म्हणून त्या कप घेऊन जायच्या. पण हल्ली हे म्हणताना त्यांचा आवाज बसलेला असायचा. रविवार जवळ येत होता आणि त्यांनी तिन्हीसांजेला खाली जाऊन गाडीच्या सीटवर हात फिरवायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी वरून ते एकदा बघितलं आणि त्यांना जेवण गेलं नाही.

शुक्रवारी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाण्याचा पंप! तो बरोबर पावणेसातला सुरू व्हायचा, भिंत थरथरायची, फरशी थरथरायची, गोळा हलायचा, सुई सुटायची. शास्त्रात चपखल बसत होतं. ते तडक सेक्रेटरींकडे गेले आणि दोन दिवस पंप बंद ठेवायची विनंती केली.

सेक्रेटरींनी कवळी घट्ट दाबली. "म्हणजे अठ्ठावीस घरांनी आंघोळ करायची नाही, कारण तुमच्या गाडीला हादरे सोसत नाहीत?"

"फक्त प्रयोगापुरती."

"रविवार. टक. सात."

हिरमुसले होऊन डॉक्टरांनी मिस्त्रींना फोन लावला आणि सगळं सांगितलं: कागद, वेळ, पंप, आंघोळ. मिस्त्री या वेळी हसले नाहीत. ते म्हणाले, "डॉक्टर, गाडीला घड्याळ कळत नाही. घड्याळ माणसाला कळतं. उद्या-परवा आंघोळ जरा लांबवा."

शनिवारी बायकोने त्यांना नेमकं सहालाच बाजारात पिटाळलं. उरला रविवार.

रविवारी पावणेसातला डॉक्टर नेहमीसारखे खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघरात शिरले. नळ सोडला, बादलीत पाणी पडल्याचा नेहमीचा आवाज सुरू झाला, आणि ते अनवाणीच मागच्या जिन्याने खाली उतरले. एका झाकलेल्या मोटारगाडीमागे उकिडवे बसले. घोटा अजून ठणकत होता. येणाऱ्या चोराला काय काय ऐकवायचं, ते त्यांनी मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यातले निम्मे शब्द त्यांनी आयुष्यात कधी वापरले नव्हते.

जिन्यावर चपला वाजल्या. दूध आणायची रिकामी पिशवी हातात घेऊन सासूबाई आल्या.

त्या गाडीपाशी थांबल्या. आजूबाजूला बघितलं. पिशवी हँडलला अडकवली, वाकल्या, आणि कार्ब्युरेटरवरचं ते बटण बोटाने चार-पाच वेळा दाबलं, टुक टुक टुक. पेट्रोल उतू आलं, त्यांच्या बोटावरून ओघळलं आणि कागदावर पडलं. मग त्या सरळ झाल्या आणि जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. अर्धा मिनिट तशाच उभ्या. जिन्यावरून कुणीच आलं नाही. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि पिशवी काढून घेतली.

"आई!" डॉक्टर उभे राहिले. टॉवेल खाली पडला.

सासूबाई एवढ्या दचकल्या की पिशवी पुन्हा हँडलवर. "अगंबाई! तुम्ही आंघोळीला गेला होता ना? मी पाणी ऐकून निघाले."

"ते बटण कशाला दाबलंत?"

"बटण? गुदगुली होय?" सासूबाई ओशाळल्या. "सकाळची गुदगुली करते हो तिला. ह्यांची सातची पाळी. ह्यांनी गुदगुली केली की बोटांना वास लागायचा, मग डबा खाताना घासाला पेट्रोल. म्हणून मी करायचे. पावणेसातला मी अंगणात येऊन गुदगुली करायची, तोवर हे बूट घालून यायचे आणि किक मारायचे. एकेचाळीस वर्षं. हात जातोच. लेकीने बघितलं तर म्हणेल म्हातारीला भ्रम झालाय, म्हणून तुमच्या आंघोळीची वेळ धरली."

तीन आठवडे, दोन हातांची सालं, एक पंपाचं भांडण, आणि चहा! सगळा चहा! डॉक्टरांना खरोखर राग आला. "अहो, पण हाच तर तो डाग! रोज सात वाजता मला दिसतो तो हाच!"

"हा?" सासूबाईंनी कागदाकडे बघितलं. "एवढासा? हा गळतीत धरतात? हा तर गुदगुलीचा." मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला आणि हात गाडीच्या टाकीवर गेला. "म्हणजे माझ्यापायीच चालली का हो ही? बघा ना, गुदगुली तर मी रोज करते. नंतर किक मारायला कोणी येत नाही, एवढंच."

डॉक्टरांचा राग त्या शेवटच्या चार शब्दांत विरून गेला. त्यांना एकदम हेही कळलं, की पहिल्या दिवशी गाडीने लाथ का घातली. गुदगुली न करताच त्यांनी तिला उठवायला घेतलं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं. सात वाजायला सहा मिनिटं. घोट्याने आत कुठेतरी नको नको म्हटलं. टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून ते गाडीवर चढले.

"आई, बाजूला व्हा."

पहिली किक पोकळ गेली. दुसऱ्या किकेला गाडीने एक उचकी दिली. तिसऱ्या किकेला ती अशी धडधडून उठली, की पंपाचा आवाज बुडाला आणि वरच्या तीन बाल्कन्यांत माणसं आली. सासूबाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. त्या रडत होत्या, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

त्या आवाजातच सेक्रेटरी आले. बॅटरी, टिपकागद, मागे समितीचे एक साक्षीदार. त्यांनी ओल्या वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं. "हा काय! डाग!"

"डाग माझा आहे," सासूबाई डोळे पुसत पुढे झाल्या. "मी पाडलाय. आत्ता, या बोटाने. हुंगून बघा." आणि त्यांनी बोट सेक्रेटरींच्या नाकाखाली धरलं.

सेक्रेटरींनी हुंगलं. नियमांत गळणाऱ्या वाहनांबद्दल कलम होतं, पाडणाऱ्या सासवांबद्दल नव्हतं. त्यांनी गाडी बंद करायला लावली, कोरडी जागा बघून कार्ब्युरेटरखाली टिपकागद धरला आणि साक्षीदाराला घड्याळ लावायला सांगितलं. दहा मिनिटं. डॉक्टर श्वास रोखून उभे होते. चाळीस वर्षांत एवढी भीती त्यांना कुणाच्या जबड्याने घातली नव्हती. दहा मिनिटांनी सेक्रेटरींनी कागद उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला, हुंगला. कोरडा ठाक.

"बसवलंत म्हणायचं नीट," ते नाराजीने म्हणाले. मग आवाज खाली आणून: "तेवढी खालची कवळीही बघाल का? टक. कधीही."

तेवढ्यात वरून डॉक्टरांच्या बायकोची हाक आली, "अहो! आत आहात का बाहेर? न्हाणीघरातून पाणी वाहतंय दिवाणखान्यात!" सेक्रेटरींनी बॅटरी सरसावली आणि नव्या गळतीकडे धाव घेतली.

सासूबाई गाडीच्या मागच्या सीटकडे बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, "बसा. दूध आणायचंय ना?" त्या एका बाजूला पाय करून बसल्या, सवयीने, इतक्या सहज की गाडीला कळलंही नसेल. डॉक्टर निघाले, खूप हळू. कोपऱ्यावर वळताना त्यांना राहवेना. जरा फुशारकीनेच त्यांनी मान मागे केली.

"तीन आठवडे लागले, आई. पण थांबली की नाही? त्यांना पाच मिनिटं लागली असती, मान्य."

"ह्यांच्या वेळी कुठली थांबायला," सासूबाई म्हणाल्या. "वीस वर्षं गळत होती. ह्यांनी खाली वाटी ठेवली होती."

डॉक्टरांनी ब्रेक दाबला. "मग पाच मिनिटं कशाला लागायची?"

"वाटी शोधायला लागतील की नाही?"